झाडांची छाटणी-निगा करणाऱ्यांनी एकमेकांच्या वेबसाइटला लिंक द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आम्ही मोठ्या झाडांची छाटणी, वादळात मोडलेल्या फांद्या उतरवणं, मोसंबी आणि केशर आंब्याच्या बागांची निगा अशी कामं करतो. वेबसाइट मीच सांभाळतो. याच कामातली जालना, बीड, लातूर, नांदेडकडची मंडळी फोन करतात आणि पाच मिनिटांत विषय तिथेच येतो: "साइट केली, पण गूगलवर दिसतच नाही. कुणी म्हणतंय लिंक अदलाबदल करा. करू का?" प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

लिंकची देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय?

तुमच्या वेबसाइटच्या पानावर माझ्या वेबसाइटचा दुवा आणि माझ्या पानावर तुमचा. एवढंच. आपल्याकडे सावड असते ना, तुझा एक बैल, माझा एक बैल, जोडी जुंपून आधी तुझं रान, मग माझं. सावड आपण कुणाशी करतो? ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, ज्याचा बैल कसा चालतो हे पाहिलेलं आहे, त्याच्याशी. दोनशे कोसांवरच्या अनोळखी माणसाशी कुणी सावड करत नाही. लिंकचंही तसंच धरा. खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

पण माझं काम चांगलं असेल तर गूगलला दुसऱ्याच्या लिंकशी काय देणंघेणं?

तुमचं काम गूगलने पाहिलेलं नाही. मोसंबीवर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आला की बागायतदार काय करतो ते आठवा. तो चार जणांना विचारतो. तिघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं तर त्याला फोन लावतो. त्यातही ज्याची स्वतःची बाग हिरवीगार आहे त्याच्या शब्दाला तो जास्त वजन देतो. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकताना जी पेजरँक नावाची पद्धत काढली आणि जिच्यावर १९९८ मध्ये गूगल उभं राहिलं, तिच्या मुळाशी हाच विचार होता. एका पानाने दुसऱ्याकडे लिंक दिली म्हणजे त्याची ग्वाही दिली, आणि ग्वाही देणारा जितका मातब्बर तितकी ती वजनदार.

आज गूगल शोधाच्या निकालांचा क्रम लावताना इतर असंख्य गोष्टी बघतं. लिंक ही त्यातली एक, पण अजून मोजली जाणारी.

मग अदलाबदल करायला गूगलची बंदी आहे का?

सरसकट बंदी नाही. गूगलच्या स्पॅमविषयीच्या (फसवून क्रम वर नेण्याच्या युक्त्यांविषयीच्या) धोरणात "तुम्ही मला लिंक द्या, मी तुम्हाला देतो" अशी अति झालेली देवाणघेवाण आणि फक्त एकमेकांना लिंक देण्यासाठी बनवलेली भागीदारांची पानं, या दोन गोष्टी नावानिशी चुकीच्या म्हटल्या आहेत. 'अति' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. ज्या रोपवाटिकेतून तुम्ही कलमं आणता तिची तुमच्याकडे लिंक आणि तिच्याकडे तुमची, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नाही. दोघे खरंच एकत्र काम करता, गिऱ्हाईक तेच आहे, वाचणाऱ्याला दोन्हीकडून उपयोग आहे.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: गूगल नसतं तरी मी ही लिंक दिली असती का? फोनवर गिऱ्हाइकाला "त्यांच्याकडे जा, माझं नाव सांगा" असं मी म्हटलं असतं का? हो असेल तर लिंक द्यायची.

तुम्ही स्वतः कधी फसलात का?

फसलो, आणि सविस्तर सांगतो, कारण तेच ई-मेल आजही तुम्हा सगळ्यांना येताहेत.

साइट नवी होती तेव्हा एका एजन्सीने फोन केला. महिन्यात शंभर लिंक, पहिल्या पानाची हमी. पैसे भरले. त्यांनी साइटवर 'आमचे सहकारी' नावाचं एक पान जोडलं आणि त्याचा दुवा प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकला. दिवस वळवाच्या पावसाचे होते. रोज कुठे ना कुठे गुलमोहर उन्मळलेला, कुठे कडुनिंबाची फांदी तारांवर लोंबकळलेली. मी ते पान उघडूनही पाहिलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. त्यांच्या अंगणातल्या आंब्याला आम्हीच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली होती. म्हणाले, "दादा, तुमचं पेस्टचं पान वाचत होतो. खाली गेलो तर कर्ज आणि पत्त्यांच्या जुगाराची नावं. साइट तुमचीच आहे ना?" त्या रात्री पहिल्यांदा मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. परदेशातले छप्पर दुरुस्त करणारे, दात पांढरे करणारे, झटपट कर्ज देणारे, ऑनलाइन पत्ते. मराठी एकही नाही. झाडाशी संबंध असलेली एकच साइट, ती बुंधे उकरून काढणाऱ्या परदेशी कंपनीची. त्या कंपनीचा माणूस परभणीला येणार नव्हता आणि मी त्याच्या गावाला जाणार नव्हतो.

पान त्याच रात्री काढून टाकलं. त्या लिंकमुळे आमचा क्रम वर गेला नव्हता आणि काढल्यावर खालीही आला नाही. पैसे गेले ते गेले. पण गुरुजींनी विश्वासाने उघडलेल्या पानावर जुगाराची नावं दिसली, हे मला आजही लागतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात. वाचणारा तुमच्या शेजारी कोण बांधलंय ते बघतोच.

मग मराठवाड्यात सावड करायची तरी कुणाशी?

डायरी उघडा आणि गेल्या वर्षभरात कामानिमित्त कुणाकुणाला फोन केले ते लिहून काढा. तीच तुमची यादी. आमच्याकडे ती अशी निघाली: रोपवाटिका, ठिबकवाले, बागबगीचा आखून देणारे, क्रेनवाला, करवती-पंप दुरुस्त करणारा, दोन गृहसंकुलं, एक शाळा. यांतल्या निम्म्यांची साइटच नव्हती. ज्यांची होती त्यांच्यापासून सुरुवात केली.

एक उदाहरण जवळून सांगतो. अंबाजोगाईकडचे एक रोपवाटिकावाले काका केशरची कलमं विकतात. दर पावसाळ्यात त्यांना तेच फोन: कलम लावलं, आता पुढे काय? मी म्हटलं, काका, हे मी लिहून देतो. पहिल्या तीन वर्षांची निगा असं एक पान त्यांच्या साइटसाठी लिहिलं. फोटो आमच्या कामातले. एका फोटोत कलमाच्या जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी कुणी सोडलीच नव्हती. खोड वाढत गेलं, पट्टी तशीच, आणि जोडाच्या ठिकाणी करंगळी रुतेल एवढा करकोचा पडलेला. दुसऱ्या फोटोत जोडाच्या खालून आलेली गावरान फूट, जी कलमापेक्षा जोमाने वर निघाली होती. मालक तिलाच केशर समजून पाणी घालत होते. खाली एक ओळ: छाटणीसाठी परभणीचे अमुक, आणि आमची लिंक. आमच्या साइटवर 'कलमं कुठून घ्यावीत' या पानावर काकांची लिंक.

त्या पानावरून माणसं खरोखर येतात. कुणी अंबाजोगाईचं, कुणी केजचं. फोनवर म्हणतात, "ते पट्टीचं वाचलं, आमच्याकडेही तसंच झालंय." गूगलने त्या लिंकला किती गुण दिले ते मी मोजलेलं नाही. लिंकवरून गिऱ्हाईक चालत आलं म्हणजे तिचं काम झालं.

गृहसंकुलाचं थोडं वेगळं. त्यांना आपल्याकडून लिंकची गरज नसते. एका सोसायटीतला जुना कडुनिंब तोडायचा ठराव झाला होता. आम्ही पोकळ फांद्या उतरवल्या, एका बाजूचा भार हलका केला, झाड उभं राहिलं. त्यांच्या सचिवांनी सोसायटीच्या साइटवर त्या झाडाविषयी लिहिलं आणि काम कुणी केलं त्याची लिंक टाकली. आम्ही मागितलीही नव्हती. यात देवाणघेवाण काहीच नाही, आणि अशा लिंकचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं.

दुसऱ्या छाटणीवाल्याला लिंक दिली तर माझं गिऱ्हाईक जाईल ना?

नांदेड ते छत्रपती संभाजीनगर अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे. दोर, करवती, चार माणसं घेऊन तेवढं जाऊन एक चिंच छाटणं कुणालाच परवडत नाही. आठ जिल्ह्यांत आठ माणसं एकमेकांची नावं सांगत असतील तर तोटा कुणाचा? मी हिंगोलीपलीकडचं काम घेत नाही, आणि 'आम्ही कुठे येतो' या पानावर सरळ लिहिलंय की नांदेडला अमुक भाऊंना विचारा. ते त्यांच्या पानावर परभणीसाठी आमचं नाव देतात.

एकाच शहरातल्या दोघांचीही कामं वेगळी असू शकतात. एक बागांची सल (वाळलेल्या फांद्या) काढतो, दुसऱ्याकडे क्रेन आहे आणि तो मोठ्या झाडांचं पुनर्रोपण करतो. मात्र ज्याच्या कामाची पद्धत पटत नाही, जो शेंडा कापून झाड बोडकं करतो आणि त्यालाच छाटणी म्हणतो, त्याला लिंक देऊ नका. कितीही मैत्री असली तरी. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर जाणार आणि झाड परत येणार नाही.

कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या साइटवर लिंक मिळेल का?

मागून मिळत नाही, आणि मागूही नये. तुम्ही मात्र त्यांना जरूर लिंक द्या. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, खरपुडी, अंबाजोगाई, सगरोळी, तुळजापूर इथली कृषी विज्ञान केंद्रं यांची माहिती आपल्या बागायतदारांच्या उपयोगाची असते. आपल्या पानावर "जास्त माहिती इथे वाचा" म्हणून दुवा दिला की वाचणाऱ्याचं भलं होतं. बदल्यात काही मिळालं नाही तरी चालतं.

मी बीडवाल्याला लिंक देतो, बीडवाला लातूरवाल्याला, लातूरवाला मला. असं फिरवलं तर गूगलला कळत नाही म्हणतात.

कळतं. तिघांऐवजी तीस जणांचं वर्तुळ केलं तरी लिंकचं जाळं यंत्राला सहज दिसतं. असली जाळी ओळखणं हेच त्यांचं वर्षानुवर्षांचं काम आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आला तेव्हा अशा लिंकवर उभ्या असलेल्या असंख्य साइट एका झटक्यात खाली गेल्या. २०१६ पासून तो गूगलच्या मुख्य पद्धतीचाच भाग आहे आणि बनावट लिंकचं वजनच काढून घेतो. म्हणजे तुमचा वेळ आणि पैसा जातो, पदरात काही पडत नाही.

तिघेही खरंच एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवत असाल तर लपवालपवी कशाला? उघड लिहा.

पैसे देऊन लिंक घेतली तर?

क्रम वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं आणि विकणं दोन्ही धोरणाविरुद्ध आहे. जाहिरात म्हणून घ्यायची तर घ्या, स्थानिक बातम्यांच्या साइटवर पावसाळ्याआधी जाहिरात देणं चांगलंच. फक्त त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण लावायला सांगा.

ही नोफॉलोची खूण म्हणजे काय? अशी लिंक निरुपयोगी का?

नोफॉलो २००५ मध्ये आलं. पानाच्या कोडमध्ये लिंकला ही खूण लावली की देणारा गूगलला सांगतो, "दुवा दिलाय, पण याला माझी ग्वाही धरू नका." २०१९ मध्ये जाहिरातीसाठी स्पॉन्सर्ड ही वेगळी खूण आली, आणि तेव्हापासून गूगल नोफॉलोकडे हुकूम म्हणून न बघता इशारा म्हणून बघतं.

निरुपयोगी मुळीच नाही. फेसबुकवर कुणी आपलं पान पाठवलं आणि सेलूच्या बागायतदाराने ते वाचून फोन केला, तर त्या लिंकवर कोणती खूण होती याने आपल्याला काय फरक पडतो?

"आमची साइट डीए ५० ची आहे, लिंक घ्या" असे मेसेज येतात. हा डीए काय आहे?

डोमेन अथॉरिटी. मॉझ नावाच्या एका कंपनीने स्वतःच्या हिशेबाने काढलेला आकडा आहे तो, गूगलचा नव्हे. गूगलचा स्वतःचा पेजरँक आकडा पूर्वी टूलबारवर दिसायचा, तोही २०१६ मध्ये बंद झाला. समोरचा फक्त हा आकडा पुढे करत असेल तर त्याची साइट उघडा. आज आंब्याची छाटणी, उद्या मोबाइलचं कव्हर, परवा लग्नाचे मुहूर्त असे लेख दिसले की उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

लिंक कोणत्या शब्दांवर द्यावी?

आपण बोलताना जसं सांगू तशी. "परभणीचे अमुक मोसंबीची सल काढून देतात" या वाक्यात नावावर लिंक द्या. दहा साइटवर "परभणीतील सर्वोत्तम स्वस्त झाड छाटणी सेवा" असे तंतोतंत तेच शब्द दिसले की ते घडवून आणलेलं आहे हे वाचणाऱ्यालाही कळतं आणि गूगललाही.

किती लिंक पुरे?

आकडा नाही. आमच्याकडे मनापासून दिलेल्या-घेतलेल्या लिंक दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढ्याच आहेत. परिणाम दिसायला काही महिने जातात. कलम लावलं त्याच वर्षी कुणी पाटी भरून आंबे मागत नाही.

माझी साइटच नाही, फक्त गूगल नकाशावर नाव आहे. मी काय करू?

मग आधी तेच नीट करा. लिंकचा विचार नंतर. आपल्यासारख्या गावागावांत जाऊन काम करणाऱ्यांसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची तुमची ही नोंद, फार मोलाचं आहे, आणि ते फुकट आहे. स्थानिक शोधात गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती, आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. तिसऱ्या गोष्टीत लोकांचे अभिप्राय येतात आणि लिंकही येतात.

काम झालं की तिथेच मालकांना अभिप्रायाची विनंती करा, आणि कोणत्या झाडाचं काय केलं ते लिहायला सांगा. "छान काम" यापेक्षा "वाड्यातल्या जुन्या चिंचेची पत्र्यावर आलेली फांदी दोराने उतरवली, एक कौलही फुटलं नाही" हे पुढच्या माणसाच्या कामाचं. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा ठेवा. प्रोफाइलवर एक नंबर आणि जस्टडायलसारख्या फोन-यादीवर जुना, असं असेल तर आज बसून दुरुस्त करा.

गूगल प्रोफाइलवरून जी फुकट साइट बनायची ती सोय २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर असाल तर स्वतःची साधी चार पानांची साइट करून घ्या.

पानं मराठीत लिहावीत का?

हो. आपला बागायतदार मोबाइलवर मराठीत बोलून शोधतो: "मोसंबी सल कधी काढावी", "आंब्याच्या खोडाला भोक पडलंय उपाय". सेवांचं एखादं पान इंग्रजीत असू द्या, बँका आणि कंपन्यांची कामं त्यावरून येतात.

गावांच्या नावांचीही काळजी घ्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शोधताना लोक दोन्ही नावं टाकतात. पानावर नवं नाव मुख्य ठेवा आणि जुनं एकदा ओघात येऊ द्या.

लोक स्वतःहून लिंक देतील असं काय लिहावं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो आणि तो फार कमी जण विचारतात. तुम्हाला हातानं जे येतं ते लिहा. दुसऱ्या कुणाकडे ते नसतं.

बोर्डो पेस्टच घ्या. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, हे प्रमाण शंभर ठिकाणी वाचायला मिळतं. पण मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात भिजवायचा आणि मगच एकत्र करायचा, लोखंडी भांडं घ्यायचं नाही, हे बरेच जण सांगायचं विसरतात. झाल्यावर त्यात विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. आम्ही त्या विळ्याचे दोन फोटो टाकले, एक स्वच्छ, एक तांबूस. तो फोटो बघून एका ठिबकवाल्याने आणि दोन शेतकरी गटांनी आमच्या पानाची लिंक दिली. मी कुणालाही विचारलं नव्हतं.

दुसरं पान परवानगीचं. शहरात झाड तोडायचं म्हटलं की १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो, वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. शेतातल्या झाडांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे, आणि आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. लोकांना यातलं काही माहीत नसतं, ते थेट करवत मागवतात. आम्ही अर्ज कुठे द्यायचा, सोबत कोणते फोटो लावायचे, एवढं सोप्या भाषेत लिहिलं. बांधकाम करणारे आणि सोसायट्या हेच पान एकमेकांना पाठवतात.

तिसरं दुष्काळाचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. अशा वर्षी लोक विचारतात, बाग वाचेल का. खोडाभोवती पाचटाचं आच्छादन, आळ्यात पुरलेलं मडकं, पानांचा भार कमी करणारी हलकी छाटणी, उन्हाने साल तडकू नये म्हणून खोडाला पेस्ट. हे पान दर मार्चमध्ये पुन्हा वाचलं जातं.

आणि आपल्या मातीतल्या फळांवर लिहा. जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केशर, बीडचं सीताफळ, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. सीताफळाच्या छाटणीवर मराठीत नीट, फोटोसह लिहिलेलं फार थोडं सापडतं. बीडच्या मंडळींनी हे काम मनावर घ्यावं.

मी आधीच नको त्या लिंक घेऊन बसलोय. आता?

घाबरू नका. आधी तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंक काढा, त्या तुमच्या हातात आहेत. मग गूगल सर्च कन्सोल (साइटच्या मालकांसाठीची गूगलची सोय) उघडा, फुकट आहे, आणि 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईच्या भागात काही सूचना आली आहे का ते बघा. नसेल तर बाहेरच्या फालतू लिंककडे दुर्लक्ष करा, गूगल बहुतेक वेळा त्या मोजतच नाही. सूचना आली असेल तर ज्यांनी लिंक दिल्या त्यांना काढायला सांगा, जे ऐकत नाहीत त्यांची यादी डिसअवो ("या लिंक मोजू नका" असं सांगायच्या) या सोयीतून गूगलला द्या आणि फेरतपासणीची विनंती करा. डिसअवो गरज नसताना वापरू नका, चांगली लिंकही त्यात जाऊ शकते.

समोरच्याला विचारायचं कसं? संकोच वाटतो.

संकोच अनोळखी माणसाला मागताना वाटतो. ओळखीच्या माणसाला आधी काहीतरी देऊन विचारा. काकांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज जवळपास असा होता:

"नमस्कार काका, परभणीहून बोलतोय. जूनमध्ये तुमच्याकडून नेलेली केशरची कलमं छान लागलीत, फोटो सोबत पाठवलेत. आमच्या साइटवर तुमच्या रोपवाटिकेचं नाव आणि दुवा टाकलाय, एकदा बघून नाव-पत्ता बरोबर आहे का सांगा. तुमच्या गिऱ्हाइकांसाठी पहिल्या तीन वर्षांच्या निगेवर एक पान लिहून देऊ का? आवडलं तर साइटवर लावा, नाही आवडलं तरी काही हरकत नाही."

उत्तर चार दिवसांनी आलं: "पाठव. पट्टी सोडायचं मोठ्या अक्षरात लिही."

दिलेल्या लिंकची पुढे काही देखभाल असते का?

असते. मी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, आमच्या साइटवरची प्रत्येक बाहेरची लिंक हाताने उघडून बघतो. कुणी डोमेनचे (साइटच्या पत्त्याचे) पैसे भरायला विसरतं आणि त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी उभं राहतं. असं दिसलं की आधी त्या माणसाला फोन करतो, मग लिंक काढतो. तुम्ही साइटचं नाव बदललं, जुन्या गावाच्या नावाचं डोमेन सोडून नवं घेतलं, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचा रिडायरेक्ट (वाचणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावून घ्या आणि जुनं डोमेन निदान काही वर्षं सोडू नका. ज्यांनी तुम्हाला लिंक दिली आहे त्यांनाही नवा पत्ता कळवा.